बंद झालेले सोशल मीडिया खाते : परत मिळविण्याच्या पायऱ्या आणि मुदती

नवी दिल्ली : सोशल मीडियावरील खाते कंपनीने बंद केले आणि फेरविचाराची विनंतीही कंपनीनेच फेटाळली, म्हणजे सारे संपले, असा सर्वसाधारण समज आहे. भारतात तो बरोबर नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या मध्यस्थविषयक नियमांनी वापरकर्त्याला कंपनीच्या स्वयंचलित उत्तरापलीकडे आणखी दोन पायऱ्या उपलब्ध करून दिल्या आहेत. मात्र प्रत्येक पायरीला मुदत आहे, आणि प्रत्यक्षात हक्क गमावला जातो तो बहुधा ही मुदत उलटल्यामुळे.

प्रथम खाते नेमके कशामुळे बंद आहे, हे पाहावे लागते. स्वतःच तात्पुरते बंद केलेले खाते पुन्हा लॉगिन करताच सुरू होते. दुसऱ्याने बळकावलेले, म्हणजे हॅक झालेले खाते परत मिळविण्यासाठी कंपन्यांची स्वतंत्र प्रक्रिया असते. सरकारच्या आदेशावरून भारतापुरते रोखलेले खाते हा कायद्याच्या कलम ६९अ चा विषय असून त्याचा मार्ग वेगळा आहे. येथे विचार केला आहे तो चौथ्या प्रकाराचा : नियमभंगाचे कारण देऊन कंपनीने स्वतः बंद केलेल्या खात्याचा.

कारणे नेहमीच गंभीर असतात असे नाही. दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावाने खाते उघडताना जन्मतारखेच्या रकान्यात संस्थेची स्थापना-तारीख भरली, तर यंत्रणेच्या लेखी खातेदार १३ वर्षांखालील ठरू शकतो आणि खाते बंद होते. ‘जीबी व्हॉट्सॲप’सारखी अनधिकृत ॲप वापरल्यास, किंवा अनोळखी क्रमांकांना एकगठ्ठा संदेश पाठविल्यास व्हॉट्सॲप क्रमांकावर बंदी घालते. यूट्यूबवर ९० दिवसांच्या आत तीन ‘स्ट्राइक’ मिळाले की वाहिनीच काढून टाकली जाते.

पहिली पायरी कंपनीच्या दारातली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर निलंबनाच्या सूचनेसोबतच अपिलाचा पर्याय दिसतो. त्यासाठी १८० दिवस मिळतात आणि त्यानंतर खाते कायमचे बंद होते. ओळख पटविण्यासाठी ईमेल वा मोबाइलवर आलेला संकेतांक, ओळखपत्र किंवा चेहऱ्याची छोटी चित्रफीत मागितली जाऊ शकते. व्हॉट्सॲपवर बंदीच्या संदेशाखालील फेरतपासणीचा पर्याय निवडून एसएमएसने आलेला सहा अंकी संकेतांक भरावा लागतो. अर्जात संतापापेक्षा तपशील उपयोगी पडतो : कोणत्या दिवशी खाते बंद झाले, कोणता नियम मोडल्याचे सांगितले गेले, आणि तो आरोप का लागू होत नाही. सूचनेचे, ईमेलचे आणि स्वतःच्या अर्जाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवावेत. पुढच्या पायऱ्यांवर कागद म्हणून तेच हाती असतात.

पुष्कळ जण याच दारावर महिनोन्‌महिने थाप मारीत राहतात, आणि उत्तर येते ते तेच, ठरावीक मजकुराचे. त्याऐवजी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. प्रत्येक मध्यस्थ कंपनीने या अधिकाऱ्याचे नाव व संपर्काचा तपशील आपल्या संकेतस्थळावर वा ॲपवर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, आणि ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना तो भारतात राहणाराच नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत मिळाली पाहिजे. निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवस होते. फेब्रुवारी २०२६ मधील दुरुस्तीने ते ७ दिवसांवर आणले. या पोचेचा क्रमांक जपून ठेवावा, कारण तो नसेल तर पुढील पायरी चढणे अवघड होते.

ती पायरी म्हणजे तक्रार अपील समिती. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने तिची तरतूद झाली, जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या अधिसूचित झाल्या आणि १ मार्च २०२३ पासून त्यांचे काम सुरू झाले. अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, किंवा त्याने मुदतीत निर्णयच दिला नसेल, तर येथे अपील करता येते. अधिकाऱ्याचे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते केले पाहिजे. सारे काम ‘जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर चालते; त्यामुळे हैदराबादचा वापरकर्ता असो वा हुबळीचा, दिल्लीला खेप घालण्याची गरज नाही. समितीने ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे नियम सांगतो. तिचा आदेश पाळणे आणि पालनाचा अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे कंपनीवर बंधनकारक आहे. समितीचे सदस्य केंद्र सरकार नेमते, यावर आक्षेप घेतले गेले आहेत. ते आक्षेप गैरलागू नाहीत. तरीही चुकीच्या जन्मतारखेमुळे खाते गमावलेल्या दुकानदारासाठी न्यायालयापेक्षा हाच मार्ग जवळचा आहे.

न्यायालयाचा मार्ग लांबचा आणि अनिश्चित. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ मध्ये निलंबित झाले. नाझी सलाम करण्यास नकार देणाऱ्या कामगाराचे १९३६ चे छायाचित्र, हे त्यामागील पहिले कारण होते. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि खासगी कंपनीविरुद्ध रिट याचिका चालते का, हा प्रश्न पुढे आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सॲप खाते बंद झाल्याबद्दलची कलम ३२ खालील याचिका ऐकण्यास नकार दिला. अन्य कायदेशीर उपाय मात्र याचिकाकर्त्यासाठी खुले ठेवले.

या धावपळीत आणखी एक धोका असतो. खाते परत मिळवून देण्याच्या जाहिराती करणारे मध्यस्थ शुल्क, पासवर्ड किंवा ओटीपी मागतात. वरील कोणत्याही पायरीवर अशा माणसाची गरज नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

व्यवसाय वा संस्था चालविणाऱ्यांनी खाते सुरू असतानाच दोन गोष्टी कराव्यात. सेटिंगमधील माहिती डाउनलोड करण्याच्या सोयीने छायाचित्रे आणि मजकुराची प्रत वेळोवेळी घ्यावी. पानाचे व्यवस्थापक किमान दोन असावेत : इंदूर वा बडोद्याच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचे पान एकाच कार्यकर्त्याच्या खात्यावर चालत असेल, तर ते खाते बंद होताच पानाची किल्लीही हरवते.