घोड्याचे चार पाय आणि पुराव्याचा प्रश्न

एडवर्ड मायब्रिजचं नाव निघालं की पैजेची गोष्ट येतेच. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात की नाही, यावर रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्डने २५,००० डॉलर लावले आणि मायब्रिजच्या फोटोंनी ते जिंकून दिले. गोष्ट झकास! पण अशी पैज लागल्याचा विश्वासार्ह पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही.

मुळात उत्तर आधीच मिळालं होतं, तेही कॅमेऱ्याशिवाय. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे याने खुरांखाली रबरी फुगे बसवले आणि त्यांतल्या हवेचा दाब नळ्यांवाटे स्वाराच्या हातातल्या यंत्रावर नोंदवला. चारही पाय हवेत असल्याची नोंद त्याच्या १८७३च्या पुस्तकात आहे. मग फोटोंची एवढी चर्चा का? साधं आहे. आलेख वाचायला शिकावं लागतं, चित्र कुणालाही दिसतं.

मात्र चित्रावर विश्वास बसणं ही वेगळीच बाब. १८७७मध्ये मायब्रिजने स्टॅनफर्डच्या ऑक्सिडेंट या घोड्याचं जे चित्र प्रसिद्ध केलं, ते फोटोवरून रंगवलेल्या चित्राचा फोटो होता. गाडीवानाचा चेहरा तेवढा खऱ्या फोटोतला. लोकांना शंका आली. म्हणून जून १८७८मध्ये पालो आल्टोच्या घोडेपैदास केंद्रावर पत्रकारांनाच बोलावलं. धावपट्टीलगत १२ कॅमेरे, समोर पांढरी भिंत. घोडं पुढे सरकेल तसे एकेक शटर उघडायचे. काचा तिथल्या तिथे धुऊन दाखवल्या. माझ्या मते त्या दिवसाचं खरं यश शटरच्या वेगाइतकंच या उघड्या कारभाराचंही आहे.

सॅली गार्डनर या चौखूर धावणाऱ्या घोडीच्या फोटोंनी चित्रकारांची पंचाईत केली. जेरिकोने १८२१मध्ये एप्समच्या शर्यतीत घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून उडताना रंगवले होते. घोडी उडत होतीच, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना!

पुढे १८८२मध्ये स्टॅनफर्डच्या पाठबळावर स्टिलमन या डॉक्टरचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर मायब्रिजचं नाव नाही, आत बहुतांश फोटोंवरून काढलेली रेखाचित्रं. लंडनच्या रॉयल सोसायटीने मायब्रिजचा निबंध छापायचं थांबवलं, कारण हे काम त्याचंच कशावरून? त्याने स्टॅनफर्डवर दावा लावला आणि तो हरला.