असाध्य आजारातली सेवा आणि निवड : मुंबई, पुणे, गोवा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात आणि गोव्यात असाध्य आजाराच्या रुग्णाचे शेवटचे दिवस बहुधा घरातच जात. वैद्याने किंवा डॉक्टरने हात टेकले की माजघरात एका बाजूला अंथरूण पडे. कूस बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे ही कामे घरातल्या बायका करत. तोंडात गंगाजल आणि तुळशीचे पान कधी घालायचे हे वडीलधारे ठरवत. ख्रिस्ती घरांत पाद्री येऊन अखेरचा संस्कार करून जाई. या सेवेत माया पुष्कळ होती, पण वेदनेवर इलाज नव्हता. रात्रभर कण्हणारा माणूस सगळ्या घराला ऐकू येई आणि ‘भोग आहेत’ म्हणून घरचे आणि तो स्वतः ते सोसत.

निर्णयही रुग्णाचा नसे. आजाराचे नाव डॉक्टर मुलाला किंवा भावाला बाजूला घेऊन सांगत, आणि ‘त्यांना काही कळू देऊ नका’ ही नातेवाइकांची पहिली विनंती असे. पुढे काय करायचे, किती करायचे, कधी थांबायचे, हे ज्याच्या शरीराचे असे त्याला कोणी विचारत नसे. हेतू प्रेमाचाच होता. तरी या मौनामुळे कित्येक माणसे आपल्याला काय झाले आहे हे न कळताच गेली, मागची व्यवस्था लावण्याची किंवा चार शब्द बोलून घेण्याची सवडही त्यांना मिळाली नाही.

अन्न आणि औषध थांबवून मृत्यूला सामोरे जाण्याची प्रायोपवेशनाची आणि जैनांतल्या सल्लेखनेची कल्पना मात्र इथल्या समाजाला परकी नव्हती. विसाव्या शतकात तिची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली. विनायक दामोदर सावरकरांनी १ फेब्रुवारी १९६६ पासून औषधे, अन्न आणि पाणी सोडले. २६ फेब्रुवारीला दादरच्या घरी त्यांचे निधन झाले. जीवनकार्य संपल्यावर केलेले आत्मार्पण ही आत्महत्या नव्हे, अशी मांडणी त्यांनी त्याआधीच एका लेखात केली होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात औषध आणि आहार नाकारला आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. दोघांच्याही निर्णयाकडे लोकांनी आदराने पाहिले. तो आदर थोरांच्या वाट्याला आला. जनरल वॉर्डातल्या खाटेवरून कोणी ‘आता पुरे’ म्हटले तर ते ऐकून घेण्याची रीत रुग्णालयांत नव्हती.

कर्करोगाचे सगळे दुखणे एका जागी दिसू लागले ते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये ते सुरू केले आणि देशभरातून रुग्ण तिथे येऊ लागले. त्यांत तंबाखू आणि मशेरीने झालेले तोंडाचे कर्करोग फार, आणि आजार हाताबाहेर गेल्यावर पोचणारे रुग्णही फार. गावाकडचे कुटुंब जमीन गहाण टाकून येई, रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर किंवा जागा मिळाली तर धर्मशाळेत राही, आणि काही महिन्यांनी ‘आता घरी न्या, खावेसे वाटेल ते द्या’ एवढा सल्ला घेऊन परते. शल्यक्रिया, किरणोपचार, औषधे यांत रुग्णालय देशात अग्रेसर होते. पण त्या सल्ल्यानंतरच्या आठवड्यांसाठी त्या काळात कुठल्याच रुग्णालयाकडे काही नव्हते.

या आठवड्यांचेही एक शास्त्र असू शकते हे लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी दाखवले. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू केले. दुखू लागल्यावर औषध देण्याऐवजी ते घड्याळाच्या काट्यावर, पुढची कळ येण्याआधी द्यायचे, हा त्यांच्या उपचाराचा कणा. वेदना शरीराची असते तशी मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेच्या प्रश्नांचीही असते, म्हणून डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि समुपदेशक यांनी मिळून ती हाताळायची, हे त्यांचे दुसरे सूत्र.

टाटा मेमोरियलमधले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुइस जोझे डिसोझा यांनी हे काम मुंबईत आणले. बांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात १९८६ मध्ये शांती अवेदना आश्रम उघडला. आज तो शांती अवेदना सदन या नावाने ओळखला जातो. भारतातले हे पहिले हॉस्पिस. बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना, धर्म-जात न पाहता, तिथे विनामूल्य ठेवून घेतले जाऊ लागले. शुश्रूषा मुख्यतः कॅथलिक सिस्टरांनी सांभाळली. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही संस्थेच्या शाखा निघाल्या.

तिथल्या कामाचे स्वरूप तोंडाच्या कर्करोगाच्या एका जखमेवरून कळते. गालाला आरपार भोक पडलेले असते, खाल्लेले बाहेर येते, आणि जखमेला अशी दुर्गंधी येते की घरचे लोकही जवळ बसायला कचरतात. कधी जखमेत अळ्या पडतात. टर्पेंटाइनचा बोळा धरला की अळ्या वर येतात आणि चिमट्याने काढता येतात. मग जखम सलाइनने धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड भुरभुरली की एकदोन दिवसांत वास उतरतो. औषध स्वस्त आणि कुठेही मिळणारे. वास गेला की नातवंडे पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसतात. अर्बुदाचा आकार तसूभरही कमी झालेला नसतो, पण माणूस पुन्हा माणसांत आलेला असतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, हेच करते, आणि वैद्यकाच्या कुठल्याही शाखेपेक्षा हे काम कमी दर्जाचे नाही.

त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. साध्या वेदनाशामकांपासून सुरुवात करून तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सोबत रेचक, आणि वेदना आटोक्यात येईपर्यंत हळूहळू वाढवत नेलेली मात्रा. एवढ्या साध्या उपायाने बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते तिची परवानाबद्ध शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. गाझीपूर आणि नीमच इथे तिचे सरकारी कारखाने आहेत आणि भारत ती निर्यातही करतो. तरीही भारतातल्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे पुढची कित्येक वर्षे दुरापास्त राहिले.

याला कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या गल्ल्यांत गर्दचे, म्हणजे हेरॉइनचे, व्यसन पसरत होते आणि कडक कायद्याची निकड खरीच होती. पण या कायद्याखालच्या बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवलेली होती. मॉर्फिनचा साठा करण्यासाठी उत्पादन शुल्क आणि औषध नियंत्रण अशा वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असणे आवश्यक असे. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. नोंदवहीतल्या एका चुकीने तुरुंगात जायची भीती कोण पत्करणार? औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागवणे सोडले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ मध्ये तो जेमतेम १८ किलोच्या आसपास आला. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिनची गोळी न हाताळताच शिकून बाहेर पडली. ‘सवय लागेल’, ‘श्वास थांबेल’ हे समज तिच्या मनात घट्ट बसले. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने वेदनेच्या रुग्णाला व्यसन क्वचितच लागते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. एका कायद्यापायी किती माणसे विनाकारण तळमळत गेली याची मोजदाद झालेली नाही. ती व्हायला हवी होती.

मार्ग निघाला तो मुख्यतः केरळच्या डॉक्टरांमुळे. १९९३ मध्ये कोळिकोड इथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. तिथून घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोरच्या एका याचिकेनंतर केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडली. खरी मोकळीक २०१४ च्या दुरुस्तीने दिली. मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरली आणि त्यांचे नियम देशभर एक झाले. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकाच अधिकाऱ्याकडून परवानगी पुरते.

दरम्यान पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाच्या प्रतिष्ठानाने पॅलिएटिव्ह केंद्र सुरू केले. पन्नास खाटा, सर्व सेवा मोफत, आणि रुग्णासोबत घरचे एक माणूस राहिलेच पाहिजे अशी पद्धत. त्या माणसाला नळीने भरवणे, जखम धुणे, कूस बदलून शय्याव्रण टाळणे हे शिकवून रुग्णाला घरी पाठवायचे आणि पुन्हा त्रास वाढला तर दाखल करून घ्यायचे. आसरा देणाऱ्या हॉस्पिसपेक्षा ही पद्धत वेगळी होती आणि मराठी घरांना ती मानवली, कारण सेवा करायची तयारी तिथे होतीच. कमी होते ते कौशल्य. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. मेरी अ‍ॅन मुकाडेन यांनी नव्वदच्या दशकात उपशामक सेवेचा विभाग वाढवला, आणि २०१२ मध्ये तिथेच देशातला पॅलिएटिव्ह मेडिसिनचा पहिला एमडी अभ्यासक्रम सुरू झाला. जव्हारच्या आदिवासी भागात मुलांसाठीच्या उपशामक सेवेचा प्रयोगही याच सुमारास झाला.

रुग्णाच्या निवडीचा प्रश्न या सगळ्यापासून दूर, न्यायालयांत आणि सभागृहांत चालला होता. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. १९८६ मध्ये मुंबई पोलिसांतल्या मारुती श्रीपती दुबळ या शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली, आणि १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात ती फिरवली.

मग अरुणा शानबागचे प्रकरण आले. केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. लेखिका पिंकी विराणी यांनी तिला जबरदस्तीने भरवणे थांबवावे अशी मागणी केली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. इतकी वर्षे त्याच तिला भरवत, स्वच्छ ठेवत होत्या, आणि तिला एकही शय्याव्रण होऊ दिला नव्हता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केले. अरुणाचा मृत्यू १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने झाला. तिला काय हवे होते हे कोणालाच विचारता येत नव्हते. माणसाने आधीच लिहून ठेवावे, हा विचार या प्रकरणामुळे सर्वसामान्यांपर्यंत पोचला.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. पण इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही आणि नंतर डॉक्टरांच्या मंडळांच्या इतक्या पायऱ्या ठेवल्या की ते कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यांपैकी काय नको आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे त्यात लिहायचे. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर डॉक्टरांची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन मंडळे शक्यतो ४८ तासांत प्रत्येकी आपले मत देतात. विष टोचून मृत्यू आणणे मात्र आजही गुन्हाच आहे. मान्यता आहे ती उपचार न करण्याला किंवा थांबवण्याला, आणि तेव्हाही वेदनाशमन चालूच ठेवायचे असते.

ही इच्छापत्रे जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा होता. महाराष्ट्रात तो नेमला जात नव्हता, म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यभर असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. तिथले ते पहिले.