अवघड म्हणजे कुणासाठी अवघड?

मे २००० उजाडेपर्यंत सामान्य माणसाच्या हातातलं जीपीएस मुद्दाम बिघडवलेलं असायचं. अमेरिकी लष्कर उपग्रहांच्या नागरी सिग्नलमध्ये जाणूनबुजून चूक मिसळायचं, त्यामुळे यंत्रानं दाखवलेली जागा शंभरेक मीटर हुकू शकायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानं २ मेला ही भेसळ थांबली. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल अशा वस्तू होत्या. बादलीचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर टाकले. काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. जिओकॅशिंग हा खेळ इथून सुरू झाला.

त्या बादलीला काठिण्याचा आकडा नव्हता. तो पुढे आला, कारण खेळणारे वाढले आणि लपवणाऱ्याची नि शोधणाऱ्याची ओळख राहिली नाही. आता प्रत्येक डबीला दोन आकडे मिळतात. डिफिकल्टी म्हणजे डबी शोधणं किंवा तिचं कोडं सोडवणं किती अवघड आणि टेरेन म्हणजे तिथवर पोचणं किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं. म्हणजे नऊ गुणिले नऊ, ८१ जोड्या. या सगळ्या जोड्या पुऱ्या करण्याचा नाद असलेले खेळाडूही आहेत.

मला यातली गंमत अशी वाटते, की हे आकडे लपवणारा देतो. डबी कुठे आहे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे आणि जो ती कधीच शोधू शकणार नाही, असा तो एकमेव माणूस!

गिर्यारोहणात हा पेच वेगळा होता. ओवेन ग्लिन जोन्स यांनी १८९७ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढाया सोप्या, मध्यम, अवघड आणि अतिकठीण अशा चार गटांत लावल्या. तिथे श्रेणी ठरवणारा स्वतः कड्यावर चढलेला असायचा. पुढे जर्मनीच्या विलो वेल्झेनबाख यांनी सहा पायऱ्या केल्या. सहावी म्हणजे माणसाच्या कुवतीची हद्द, असं मानलं जायचं. नंतरच्या पिढ्यांनी ती हद्द ओलांडली आणि सातवी पायरी जोडावी लागली. तिथला आकडा पराक्रम मोजतो.

जिओकॅशिंगमधला आकडा मात्र अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो. टेरेन ५ म्हणजे होडी किंवा दोर अशी खास साधनं बरोबर आणा. टेरेन १ म्हणजे व्हीलचेअरवरूनही इथे पोचता येईल. तो '१' खोटा ठरला, तर कुणीतरी पदरचे पैसे आणि अर्धा दिवस खर्चून फाटकापर्यंत येतं आणि तिथूनच माघारी जातं.

म्हणून माझी पहिली डबी लपवण्याआधी मी दोन कामं केली. जागा शहरातल्या बागेतली, परवानगी घेतलेली. लोखंडी कठड्याच्या आतल्या बाजूला लोहचुंबकानं चिकटणारी लहानशी डबी. आधी दोघांना शोधायला लावलं. हा खेळ सरावाचा असलेल्या मैत्रिणीला चार मिनिटं लागली, कधीच न खेळलेल्या भावाला पंचवीस. सर्वसाधारण खेळाडूला अर्ध्या तासात सापडावी ती डिफिकल्टी २, म्हणून २ ठरवली.

मग टेरेन. वाट सपाट, फरसबंद, जेमतेम दोनशे मीटर. पहिला विचार '१' चाच आला. पण मोजपट्टी घेऊन फाटकाशी गेले. बाइक आत येऊ नयेत म्हणून तिथे खांब रोवलेत आणि त्यांच्यामधली फट माझ्या दोन वितींपेक्षा थोडी जास्त. मी तिरकी होऊन सहज जाते, म्हणून आजवर ती कधी डोळ्यांत भरली नव्हती. व्हीलचेअर त्यातून जाणार नाही.

टेरेन १.५ लिहिलं आणि वर्णनात खांबांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये दिलं. फाटक रुंद करा, असा अर्जही बागेच्या कार्यालयात दिला आहे. तो मंजूर झाला तर डबी तिथेच राहील, आकडा तेवढा बदलेन.