मळवलीचं चित्र, तळेगावची काच

केडगावच्या आमच्या घरात सध्या जेवणाचं अर्धं टेबल बाटल्यांनी अडवलंय. काही सरबताच्या, काही मधाच्या, आणि दोन अशा की भंगारवाल्याकडून घरी येताना त्यांना कापडी पिशवीत घालून आणावं लागलं. कोमट पाण्यात सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवल्या की लेबल सुटतं. उरलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळून घालवायचा. मग पांढऱ्या रंगाचा एक हात, तो वाळला की पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यावर कातरलेलं चित्र आणि वरून वॉर्निश. या कामाला डेकूपाज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ कातरणं.

पहिल्याच बाटलीवर मी जुन्या कॅलेंडरातली लक्ष्मी लावायला घेतली आणि आईनं हात धरला. "रेणुकामातेच्या गावात राहतो आपण. त्या बाटलीवर देवी चिकटवतोस?" तिचं बरोबर होतं. लक्ष्मी बाजूला ठेवली, मोर चिकटवला. पण कमळात उभी असलेली ती लक्ष्मी अशीच का दिसते, आणि आपल्याकडे बाटल्या कधी, कुठे बनायला लागल्या, हे दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. दोन्हींचा माग काढत गेलो तर एकाच रेल्वेमार्गावर पोचलो. चित्र मळवलीला, काच तळेगावला. मध्ये कामशेत, कान्हे, वडगाव एवढीच स्टेशनं.

कॅलेंडरातल्या त्या लक्ष्मीचं मूळ राजा रविवर्मा यांच्या चित्रात. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत, गिरगावात, छापखाना काढला. यंत्रं जर्मन, कारागीरही जर्मन. शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकेक रंग नेमका आधीच्या रंगावर बसला पाहिजे, केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर जातात. छापलेल्या चित्रावर वॉर्निश चढवायचं, म्हणजे ते तैलचित्रासारखं चमकायचं. अस्सल चित्र दरबारात आणि ही नक्कल चाळीतल्या खोलीत, असा हा व्यवहार होता. पुढे मुंबईत प्लेग आला आणि छापखाना घाटावर, मळवलीला हलला. धंदा मात्र तोट्यातच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. श्लायशरनं देवादिकांच्या चित्रांबरोबर लेबलं आणि जाहिरातीही छापल्या आणि तग धरला. चित्रकाराला न जमलेला हिशेब तंत्रज्ञाला जमला, यात मला काही नवल वाटत नाही.

ही चित्रं विकत घेणारे लोक ती जशीच्या तशी लावत नसत. घरच्या बाया देवीच्या साडीला खरी जर लावायच्या, मुकुटाला टिकल्या, गळ्यात मणी, आणि मग काच बसवायची. अशी सजवलेली चित्रं आजही संग्राहकांकडे दिसतात. डेकूपाजच्या इतिहासात अठराव्या शतकातल्या व्हेनिसचं नाव येतं. तिथे चिनी लाखकामाची स्वस्त नक्कल म्हणून छापील चित्रं लाकडावर चिकटवून वॉर्निशचे थरावर थर देत. नाव माहीत नसलेल्या आपल्या आज्या-पणज्या त्याच्या शेजारचंच काम करत होत्या.

तळेगावची गोष्ट वेगळ्या धातूची. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की देशी उद्योगांसाठी प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा. रुपयाला चौसष्ट पैसे असण्याचे ते दिवस; म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट दारं. असा तो पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. भट्टी पेटली तेव्हा पाठीराखा मंडालेच्या वाटेवर. कारखान्याची सूत्रं ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. ते काचेचं शास्त्र जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. इथे नुसता माल बनत नव्हता, काच बनवणारी माणसंही घडत होती. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात गेले आणि बहजोईला त्यांनी काच कारखाना काढला. आपल्याकडे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या जमिनीवर, ओगले काच कारखाना सुरू झाला. त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला आणि कारखान्यावरून त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं.

त्या काळच्या काचकाम्यांचे दोन वैरी होते: बुडबुडे आणि हिरवट झाक. वाळूत लोह असलं की काच हिरवी उतरते. ती झाक मारायला मँगनीज घालावं लागतं. रस पुरेसा तापला नाही, पुरेसा वेळ ठेवला नाही, की बुडबुडे आतच अडकतात. परदेशी माल नितळ, म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळायचं. आज मी भंगारातून नेमकी बुडबुड्यांची, हिरवट बाटली शोधतो आणि सापडली की घासाघीस न करता पैसे देतो. ओळखायची एक खूण सांगतो. बाजूची शिवण थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्रावरची; मानेवरच थांबली असेल तर तोंड हातानं घडवलेलं. अशा बाटलीवर मी काहीच चिकटवत नाही. तिला रंग लावणं हा गुन्हा आहे.

जुनेपणाचा साज चढवायचा तो कालपरवाच्या सरबताच्या बाटलीला. गडद तपकिरी रंगाचा हात द्यायचा, वाळल्यावर फेव्हिकॉलचा जाड थर, आणि तो चिकट असतानाच वरून पांढरा रंग, एकाच फटकाऱ्यात. पुन्हा कुंचला फिरवला की सगळं लडबडतं. मी तीन बाटल्या अशाच घालवल्या. फेव्हिकॉल आकसतो तसा वरचा रंग तडकतो आणि फटींतून खालचा तपकिरी डोकावतो. उन्हाळ्यात केडगावची कोरडी हवा या कामाला फार चांगली. पावसाळ्यात तडे जातच नाहीत, नुसते पोपडे येतात.

बाजूला ठेवलेली ती लक्ष्मी वहीत चार महिने पडून होती. नवरात्राच्या आधी आईनं ती काढली, पदराच्या काठाला जुन्या साडीची जर चिकटवली, आणि गावातल्याच फ्रेमवाल्याकडून काच बसवून आणली.