काचेच्या पेटीबाहेरची आई

सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला आपल्याकडे ‘सातमाशी’ म्हणतात. त्याच्याही आधी जन्मलेल्यासाठी असा शब्द रूढ झाला नाही. ते जगतच नसे, मग त्याला नाव कोण ठेवणार? आम्हा धर्मगुरूंना मात्र त्याच्याकरिता रात्री-अपरात्री बोलावणे येते. काही वर्षांपूर्वी भिवंडीतील एका यंत्रमाग कामगाराच्या बाळाला आम्ही मुंबईच्या एका रुग्णालयात स्नानसंस्कार दिला. 26 आठवड्यांचे बाळ, वजन 850 ग्रॅम. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून आम्ही त्याच्या कपाळावर पाणी सोडले. आई काचेबाहेर उभी होती.

पुढे बाप रोज संध्याकाळी दूरध्वनीवरून आकडा कळवू लागला. पहिल्या आठवड्यात तो 770 वर उतरला आणि त्याचा धीर सुटला. वास्तविक अशा बाळाचे वजन आरंभी दहाव्या हिश्शाने घटणे अपेक्षितच असते. जन्मवजन परत यायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यानंतर गर्भातल्याच गतीने, म्हणजे दर किलोमागे दिवसाला 15 ते 20 ग्रॅम, ते वाढावे अशी डॉक्टरांची धडपड असते. एवढ्याशा बाळाच्या बाबतीत ही दिवसाची वाढ म्हणजे जेमतेम तीन लहान चमचे साखर! या तीन चमच्यांसाठी वैद्यकशास्त्राला शंभर वर्षे झगडावे लागले.

आरंभ पॅरिसमध्ये झाला. प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहून स्तेफान तार्निये या प्रसूतितज्ज्ञाला कल्पना सुचली आणि 1880 च्या सुमारास त्याने मातेर्निते रुग्णालयात बालकांसाठी ऊबपेटी आणली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण तेथे शेकडा 66 वरून 38 वर आले. त्याचा शिष्य पिएर ब्युदँ याने बाळांचे नेमाने वजन करण्यावर भर दिला. शिवाय त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: ज्या मातांना बाळापासून दूर ठेवले जाते, त्यांची माया आटत जाते. आईला जवळ ठेवा, तिचेच दूध द्या, असा त्याचा आग्रह होता.

हा आग्रह पुढच्या पिढ्यांनी विसरावा, हे आम्हाला या इतिहासातले सर्वांत खेदजनक पान वाटते. पेटी तेवढी घेतली गेली. अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत 1903 पासून 1943 पर्यंत मार्टिन कूनी याने ही बाळे तिकीट लावून लोकांना दाखवली. त्याने पुष्कळ जीव वाचवले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पालकांकडून तो पैसे घेत नसे. नंतर रुग्णालयांनीच दारे लावून घेतली. जंतूंच्या भयाने आई बाहेर राहिली. 1940 नंतरच्या दोन दशकांत तर, दूध फुप्फुसात जाईल म्हणून, बाळाला पहिले दोन-तीन दिवस काहीच न पाजण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला. रक्तातील साखर उतरे, शरीर शुष्क होई. जगलेल्यांपैकी कित्येकांच्या पायांत पुढे कायमचा ताठरपणा आढळला. शास्त्राच्या नावाने घडवलेला हा उपवासच होता. 1960 नंतर तो मोडला आणि दशकाच्या अखेरीस शिरेतून संपूर्ण पोषण देण्याची विद्याही हाती आली.

पण आईला आत कोणी घेतले? संपन्नतेने नव्हे, टंचाईने. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एद्गार रे यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात परिचारिका कमी आणि संसर्ग फार, अशा स्थितीत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आयांनाच शुश्रूषेत सामील करून घेतले, पावडरचे दूध बंद केले आणि 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. तेथे दान आलेले दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. बाहेरच्या दुधाने अशा बाळांची आतडी सडण्याचा धोका वाढतो, म्हणून या दुधाचे मोल. मात्र अतिलहान बाळाला तेही एकटे पुरत नाही. त्यात प्रथिने आणि चुना मिसळावा लागतो.

2021 साली भारतासह पाच देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते 1,800 ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या त्वचेशी ठेवले, तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले. ब्युदँला नवल वाटले नसते.

आमच्या त्या बाळाची श्वासनळी तिसऱ्या आठवड्यात निघाली आणि परिचारिकेने आईला आत बोलावले. साडीच्या पदराखाली बाळ घेऊन ती तासन्‌तास बसे. 79 व्या दिवशी बाळ भिवंडीला निघाले, तेव्हा वजन 1,940 ग्रॅम होते. बापाने सगळे आकडे सुताच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिले होते. ती वही त्याने आम्हाला दाखवली. 770 चा आकडा त्याने खोडून टाकला होता.