वर्धेच्या दोन काठांवरची राज्ये

१७ डिसेंबर १८०३. गाविलगड पडून दोनच दिवस झाले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी देवगावला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र तहाच्या कागदावर सह्या करत होते. अडगावच्या लढाईत दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या फौजेची दाणादाण उडाली होती, त्यामुळे घासाघीस करायला फारशी जागा उरली नव्हती. पूर्वेकडे कटक आणि बालेश्वर गेले. पश्चिमेकडे एक रेघ ठरली: वर्धा नदी डोंगरातून निघते तिथपासून गोदावरीला मिळते तिथपर्यंत भोसल्यांची हद्द. नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाकडे जायचा होता. नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा थोडा मुलूख एवढाच त्यातून भोसल्यांना परत मिळाला.

वर्धा थेट गोदावरीला मिळत नाही. ती आधी वैनगंगेला मिळते आणि पुढचा प्रवाह प्राणहिता या नावाने गोदावरीत जातो. तह करणाऱ्यांना तेवढ्या तपशिलाची गरज वाटली नाही. त्यांना नकाशावर ठळक दिसणारी एक रेघ हवी होती आणि ती नदीने आयती पुरवली.

त्या रेघेच्या पूर्व काठावर नागपूर जिल्ह्यातला आजचा नरखेड तालुका आहे. मुलताईच्या पठारावर उगम पावलेली वर्धा खाली उतरून तालुक्याच्या कडेने वाहते. तिच्या एका काठावर मोवाड आणि जलालखेडा, दुसऱ्या काठावर वरूड आणि मोर्शीचा मुलूख. जलालखेड्याजवळ जाम नदी वर्धेला मिळते आणि समोरच्या तीरावर आमनेरच्या किल्ल्याचे पडके तटबुरूज उभे आहेत. संगमावर, ऐन उतारावर किल्ला बांधणाऱ्याला ही जागा नाक्याची आहे हे पक्के ठाऊक होते. इथून नदी ओलांडणाऱ्यावर नजर ठेवता येत होती.

वर्धेला हद्द मानण्याची कल्पना वेलस्लीच्याही फार आधीची आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात शुंग राजा अग्निमित्र विदर्भ जिंकतो आणि यज्ञसेन व माधवसेन या दोन चुलतभावांत तो वाटून देतो. वाटणीची रेघ असते वरदा नदी: एकाला उत्तर तीर, दुसऱ्याला दक्षिण तीर. ही वरदा म्हणजेच आजची वर्धा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाटकातला प्रसंग इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या विदर्भाची वाटणी सांगतानाही याच पाण्याचा आधार घ्यावासा वाटला होता.

मधल्या काळात मात्र नदी हद्द राहिलीच असे नाही. राज्ये तिला सहज ओलांडून जात. पंधराव्या शतकात माळव्याचे सुलतान आणि बहमनी यांच्यात बैतूलजवळच्या खेरल्यावरून झुंजी झाल्या. बहमनी राज्य फुटल्यावर अचलपूरला इमादशाही उभी राहिली. १५७४ मध्ये तिला अहमदनगरच्या निजामशाहीने गिळले आणि १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मुघलांच्या हवाली करावा लागला. अकबराच्या दप्तरात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे पोटविभागांमध्ये, जसे गाविल आणि नरनाळा आहेत तसेच खेरला आणि पवनारही आहेत. खेरला आणि पवनार तर वर्धेच्या पलीकडचे. मुघलांच्या हिशेबी वऱ्हाड नदीपाशी संपत नव्हता. त्याच दप्तरात देवगडच्या गोंड राजा जाटबाचे नाव येते. कागदावर तो सुभ्यातला जमीनदार, आपल्या डोंगराळ मुलखात मात्र राजा. पुढे याच घराण्यातल्या बख्त बुलंदाने नागपूर वसवले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते पहिल्या रघुजी भोसल्यांच्या हाती आले.

वर्धेच्या पश्चिमेला मग एक विलक्षण व्यवस्था रुजली. मुलूख आता हैदराबादच्या निजामाचा, पण चौथाई, सरदेशमुखी आणि फौजदारीचा खर्च मिळून वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांचा. लोक तिला दोअमली म्हणत. एकाच गावात दोन धन्यांचे कमाविसदार येत आणि एकाच पिकावर दोघांची नजर असे. असली दुहेरी सत्ता आपल्याकडेच होती असे नाही. युरोपात मोरेस्नेट नावाच्या जस्ताच्या खाणीच्या चिमुकल्या प्रदेशावर १८१६ पासून प्रशिया आणि नेदरलँड्स, आणि नंतर नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम, यांचा सामाईक कारभार शंभर वर्षे चालला. खाणीचा हक्क कोणाचा हे ठरेना, म्हणून दोघांनीही तो सोडला नाही. वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल त्या खाणीपेक्षा कमी नव्हते.

देवगावच्या तहाने दोअमली मोडली. ज्या वर्षी हे घडले त्याच १८०३ मध्ये, नेपोलियनच्या दडपणाखाली, जर्मनीतली शंभराहून अधिक छोटी संस्थाने, धर्मपीठांचे मुलूख आणि स्वतंत्र नगरे एका ठरावाने पुसली गेली. दोन खंडांत एकाच सुमारास गुंतागुंतीचे, एकमेकांत शिरलेले जुने हक्क काढून टाकून स्वच्छ रेघा आखण्याचे काम चालू होते. वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. पण रेघा आखण्याच्या बाबतीत दोघेही एकाच युगाचे होते.

सीताबर्डीच्या लढाईत १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसले हरले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागले. १८२२ च्या तहात वर्धेच्या पूर्वेकडचे निजामाचे तुकडे आणि पश्चिमेकडचे उरलेसुरले मुलूख यांची अदलाबदल झाली आणि नदी खऱ्या अर्थाने सलग हद्द बनली.

मग १८५३ साल उजाडले आणि वर्षभराच्या आत दोन्ही काठांचे धनी बदलले. मे महिन्यात कर्जबाजारी निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले औरस वारस नसताना वारले आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूर खालसा केले. आता दोन्हीकडे इंग्रजच होते, तरी नदीवरची रेघ पुसली गेली नाही. पूर्व काठ आधी नागपूर प्रांतात आणि १८६१ पासून मध्य प्रांतात. पश्चिम काठ हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली.

या रेघेचा खरा अर्थ शेताच्या धुऱ्यावर उतरला. मोवाडच्या बाजूला मालगुजारी पद्धत होती. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावाच्या मालगुजाराला मालकी हक्क दिले. तो कुळांकडून वसूल करायचा आणि ठरलेला वाटा सरकारात भरून उरलेला आपल्याकडे ठेवायचा. नदीपलीकडे, वरुडाकडे, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, खातेदाराचे नाव चढले आणि त्याचा हिशेब थेट सरकारशी जोडला गेला. दोन्हीकडे एकच काळी माती, एकच पऱ्हाटी, बोलीही जवळपास एकच. पण एका काठावरच्या शेतकऱ्याला अडीनडीला मालगुजाराच्या वाड्यावर जावे लागे, तर दुसऱ्या काठावरचा तहसील गाठत असे. जमीन गहाण टाकणे, विकणे, पोरांत वाटणे, सगळ्यांचे नियम नदी ओलांडताच बदलत. मालगुजारी कायद्याने संपली ती १९५१ मध्ये. तोवर पूर्व काठाच्या दोन-तीन पिढ्या तिच्याखाली गेल्या होत्या. विदर्भातल्या गावगाड्याबद्दल लिहिताना वऱ्हाड आणि नागपूर एकाच मापाने मोजणारे हा फरक विसरतात आणि तिथेच त्यांचे गणित चुकते.

व्हाइसरॉय कर्झनने १९०२ मध्ये निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे जोडनाव रूढ झाले. कारभार एक झाला, सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत, ते परकीय हद्दीसाठीच्या हुकमाने वेगळे लावावे लागत. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. मोवाडचा माणूस बंडी जुंपून पलीकडच्या बाजाराला जायचा, तेव्हा कायद्याच्या भाषेत तो निजामाच्या मुलखात पाऊल टाकत होता. हे १९४७ पर्यंत खरे होते.

स्वातंत्र्यानंतर नकाशा झपाट्याने हलला. १९५० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ मराठी जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला ते आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला हलली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्या काळी काटोल तहसिलीत असलेल्या नरखेडचा माणूस जागचा न हलता दहा-अकरा वर्षांत चार राज्यांचा रहिवासी ठरला.

युरोपच्या इतिहासात अल्सेसचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८७१ मध्ये तो जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. तिथे प्रत्येक बदलाची किंमत रक्ताने मोजली गेली. नरखेडच्या शेवटच्या तीन बदलांत एकही गोळी सुटली नाही. आयोग, विधेयके, सभा, मोर्चे आणि मतदान यांतून ते झाले. मुंबईसाठी १०६ जणांना हुतात्मा व्हावे लागले हे विसरता येत नाही, पण वर्धेकाठी संघर्ष कागदावरच राहिला. या फरकाची नोंद आपल्या शालेय इतिहासाने आवर्जून करायला हवी.

कागदावरच्या त्या संघर्षाने एक दुखरी बाजू मात्र मागे ठेवली. पुनर्रचनेत साधारणपणे जिल्हा हे एकक धरले गेले. बैतूल, छिंदवाडा आणि बालाघाट हे जिल्हे एकूण बेरजेत हिंदीभाषक, म्हणून ते मध्य प्रदेशात राहिले. छिंदवाड्याचा दक्षिण भाग, म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा, घरात मराठी बोलणारा. तो जिल्ह्यासोबत तिकडे गेला. नरखेड आणि पांढुर्णा यांच्यामध्ये वर्धेसारखी मोठी नदी नाही. १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच राज्यात होती, एकाच नागपूरकडे तोंड करून. रातोरात त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने खेडे हे एकक धरा असा आग्रह वर्षानुवर्षे धरला. हाच निकष इथे लागला असता तर रेघ कुठे पडली असती, हा प्रश्न उत्तर सीमेवर फारसा कोणी विचारला नाही.

पांढुर्ण्यात पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव हे दोन काठ एकमेकांवर दगडांचा मारा करतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींनी जीवही गमावले आहेत आणि प्रथा थांबवण्याचे प्रयत्न अजून पुरते यशस्वी झालेले नाहीत. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. दिनदर्शिका एकच, राज्ये दोन. २०२३ मध्ये मध्य प्रदेशाने पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा केला. ज्या जिल्ह्याच्या बेरजेत त्यांची मराठी हरवली होती, त्या जिल्ह्यातून ते बाहेर पडले, राज्य मात्र तेच राहिले.

संत्र्याने यातली कोणतीच रेघ मानली नाही. दुसऱ्या रघुजींनी औरंगाबादेकडून संत्र्याची कलमे नागपुरात आणली असे सांगतात. आज नरखेड, काटोल, वरूड, मोर्शी आणि पलीकडे पांढुर्णा-सौंसर असा हा एकच सलग पट्टा आहे. मृगाच्या पहिल्या पावसाकडे डोळे लावणे, बहार फुटण्यासाठी झाडाला ताण देणे, अवकाळी गारपिटीने आंबिया बहाराची फळे गळणे, हे सगळीकडे सारखेच. सरकारी मदत मात्र त्या-त्या राज्याच्या तिजोरीतून येते. त्यामुळे एकाच ढगातून पडलेल्या गारांची भरपाई धुऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असू शकते.

पाण्यानेही रेघ मानली नाही. ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धेला आलेल्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे गेली. १८६७ पासून नगरपालिका असलेले हे जुने गाव नव्या जागी वसवावे लागले. १८०३ च्या तहात ज्या नदीला निव्वळ रेघ मानले होते तिच्या पाणलोटाचा वरचा भाग मध्य प्रदेशात आणि पुराचा तडाखा महाराष्ट्रात, ही आजची वस्तुस्थिती आहे. पावसाची आणि पाणीपातळीची माहिती वरून खाली वेळेत पोचणे हा इथल्या सीमेचा सर्वांत तातडीचा विषय आहे, भाषेच्या वादाहूनही.

दरम्यान जुनी हद्द विरत चालली आहे. इटारसी-नागपूर लोहमार्ग १९२० च्या दशकात आला आणि नरखेड दिल्ली-चेन्नई मार्गावर बसले. तो मार्ग उत्तर-दक्षिण जातो, नदी ओलांडून वऱ्हाडात जाणारी गाडी मात्र नव्हती. नरखेड-बडनेरा हा सुमारे १३८ किलोमीटरचा मार्ग गेल्या दीड दशकात सुरू झाला आणि वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अमरावती हे सारे नरखेड जंक्शनला जोडले गेले. ज्या नदीवर १८०३ मध्ये दोन सत्तांची हद्द ठरली, तिच्यावरून आता अमरावतीची गाडी जाते, आणि तिच्यातले प्रवासी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, एवढेच. पांढुर्ण्याकडे जाणारे त्याच फलाटावरून, त्याच भाषेत बोलत, दुसऱ्या राज्याची गाडी पकडतात.