कॉर्कची पुस्तकं, लंडनचा छापा

आयरिश साहित्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डब्लिन येतं. जॉइस, येट्स, अ‍ॅबी थिएटर वगैरे. मला मात्र गेले काही महिने दक्षिणेकडच्या कॉर्कनं वेड लावलंय. निमित्त फ्रँक ओ'कॉनरच्या कथांचं. त्या वाचताना सहज पुस्तकांवरची प्रकाशकांची नावं पाहिली आणि चक्रावलो. माणसं कॉर्कची, बोली कॉर्कची, आणि प्रकाशक लंडनचे!

ओ'कॉनरचा 'गेस्ट्स ऑफ द नेशन' १९३१ साली मॅकमिलननं काढला. पुढच्याच वर्षी शॉन ओ'फेलॉनचा पहिला कथासंग्रह जोनाथन केपनं. दोघंही कॉर्कचे, दोघंही डॅनियल कॉर्करी या शाळामास्तराच्या तालमीतले. ओ'फेलॉनच्या संग्रहावर तर आयर्लंडमध्ये बंदीच आली. १९२९ चा सेन्सॉर कायदा हाताशी होताच. म्हणजे कॉर्कच्या माणसानं कॉर्कवर लिहिलेलं पुस्तक लंडनला मिळणार, पण कॉर्कमध्ये विकायला मनाई.

गावात छापणारं कोणीच नव्हतं असं नाही. विद्यापीठाचं कॉर्क युनिव्हर्सिटी प्रेस १९२५ पासून होतं. कॉर्करीचा सिंगवरचा ग्रंथ १९३१ साली तिथूनच निघाला. पण तो अभ्यासकांचा मामला. गोष्टी वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आता एका शिंप्याची गोष्ट. कॉर्क परगण्यातच, पश्चिमेला डोंगरात, गुगान बारा नावाचं तळं आहे. त्याच्या जवळ टिम बकली नावाचा पायानं अधू शिंपी आणि त्याची बायको अ‍ॅन्स्टी राहत. शिवणकामापेक्षा गप्पांसाठी प्रसिद्ध. एरिक क्रॉसनं या दोघांच्या गप्पा टिपून 'द टेलर अँड अ‍ॅन्स्टी' हे पुस्तक केलं. १९४२ साली निघालं, अर्थात लंडनहून. प्रस्तावना ओ'कॉनरची. गप्पांत गाई-बैलांचा, नवरा-बायकोचा विषय निघायचा, खेड्यात निघतो तसाच. सेन्सॉर मंडळानं पुस्तक अश्लील ठरवलं. वरिष्ठ सभागृहात चार दिवस चर्चा झाली. सर जॉन कीन यांनी पुस्तकातले उतारे वाचून दाखवले, तर ते अधिकृत इतिवृत्तातून वगळले गेले! मंडळाविरुद्धचा ठराव अर्थातच आपटला.

इथपर्यंत हसू येतं. पुढचं वाचून येत नाही. तीन पाद्री म्हाताऱ्याच्या घरी गेले, त्याला गुडघ्यावर बसवलं, आणि त्याची स्वतःची प्रत त्याच्याच चुलीत जाळायला लावली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येणं-जाणं तोडलं. ज्याचं सगळं आयुष्य दारात येणाऱ्या माणसांवर चालायचं, त्याचं दार ओस पडलं. मला पुस्तक जाळण्यापेक्षाही ही शिक्षा जास्त क्रूर वाटते.

१९४४ साली जॉन आणि मेरी फीहान या जोडप्यानं कॉर्कमध्ये मर्सियर प्रेस काढलं. नाव बेल्जियमच्या कार्डिनल मर्सियर यांच्यावरून, आणि सुरुवातीची पुस्तकंही धार्मिक, तात्त्विक. यांच्याकडून बंडाची अपेक्षा कोण करेल? पण हळूहळू यादी बदलली. आयरिश इतिहास, लोककथा, नाटकं, परवडणाऱ्या पेपरबॅक्स. शेजारच्या केरी परगण्यातल्या लिस्टोवेलचा जॉन बी. कीन (वरच्या सर जॉनशी संबंध नाही) हा दारूचा गुत्ता चालवणारा नाटककार. त्याचं 'साइव्ह' डब्लिनच्या अ‍ॅबीनं नाकारलं होतं. १९५९ साली गावच्याच हौशी मंडळीनं ते केलं आणि प्रचंड गाजवलं. पुढे त्याची कितीतरी पुस्तकं मर्सियरनं छापली.

मला हे धाडसापेक्षा शेजाराचं काम वाटतं. लंडनच्या संपादकाला शिंप्याच्या गप्पांत एक गमतीदार आयर्लंड दिसत असेल. कॉर्कच्या प्रकाशकाला तसा आवाज दुकानात, बाजारात रोज ऐकू येत होता. आणि आपला वाचक कोण, हे त्याला विचारायला लागत नव्हतं.

'द टेलर अँड अ‍ॅन्स्टी'वरची बंदी यथावकाश उठली. नंतर त्याची पेपरबॅक निघाली, कॉर्कहून, कार्डिनलचं नाव लावणाऱ्या याच मर्सियर प्रेसकडून. ती बराच काळ खपत राहिली. शिंपी १९४५ सालीच वारला होता, आणि त्यानंतर दोन वर्षांनी अ‍ॅन्स्टी.